धाव, रिकीब आणि कार्बनची पट्टी : काँक्रीटच्या खांबाला बाहेरून आवळण्याचा इतिहास

काँक्रीटच्या खांबावर त्याला सोसवेल त्याहून अधिक भार आला की तो चिरडला जातो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः खांब चिरडला जातो म्हणण्यापेक्षा तो बाहेरच्या अंगाला फुटतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कोणताही घन पदार्थ वरून दाबला की आडवा फुगतो. काँक्रीट उंचीत जेवढे आखडते त्याच्या साधारण एकपंचमांश ते आडव्या दिशेने पसरते. भार वाढत जाऊन खांबाच्या अंतिम शक्तीच्या जवळ पोहोचला की खडी आणि सिमेंट यांच्या सांध्यांतून उभ्या बारीक भेगा निघतात, त्या एकमेकींना मिळतात, आणि एरवी दाबाने लहान व्हायला हवा तो काँक्रीटचा गोळा आकारमानाने चक्क मोठा होऊ लागतो. भार उभा असला तरी खांबाचा शेवट आडव्या दिशेने होतो. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की खांबाच्या बळकटीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: हे आडवे फुगणे कशाने आणि केव्हा रोखावयाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडच्या लोहाराला ठाऊक होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवावयाची लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, ती भट्टीत लाल करतात, तापून सैल झाल्यावर चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. थंड होताना धाव आकसते, आरे तुंब्यात रुतून बसतात आणि चाक रस्त्यावर येण्यापूर्वीच चहूबाजूंनी आवळले जाते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागेल, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. धावेचा दाब चाकावर भार येण्याआधीपासूनच असतो. काँक्रीटच्या खांबाभोवती घातलेल्या वेढ्याचा दाब मात्र खांब फुगू लागल्यानंतरच सुरू होतो. तोवर वेढा नुसता बसून असतो.

लोखंडी काँक्रीटच्या आरंभीच्या काळात या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. फ्रान्समध्ये फ्रांस्वा एनबिक याने १८९२ मध्ये आपल्या बांधकामपद्धतीचे पेटंट घेतले. त्याच्या खांबांत कोपऱ्यांवर उभ्या सळया आणि त्यांना अंतराअंतरावर बांधणारे आडवे बंध असत. या बंधांचे काम सळया जागेवर धरणे आणि त्यांना वाकू न देणे एवढेच मानले जाई. आतले काँक्रीट त्यांच्यामुळे बळकट होते, ही कल्पना अद्याप रुजलेली नव्हती. ती पुढे आणली आर्मां कोंसिदेर (१८४१–१९१४) याने. फ्रान्सच्या शासकीय रस्ते व पूल सेवेतील या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला काँक्रीटच्या खांबात उभ्या सळयांभोवती तारेचा अखंड सर्पिल वेढा घालून प्रयोग केले. वेढ्यातले लोखंड तेवढ्याच आकारमानाच्या उभ्या लोखंडापेक्षा सुमारे २.४ पट काम देते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या संशोधनाचा इंग्रजी अनुवाद १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील अभियंत्यांचे लक्ष या प्रकाराकडे वळले.

कोंसिदेरने या काँक्रीटला दिलेले नाव 'बेतों फ्रेते' असे आहे. 'फ्रेत' म्हणजे चाकाच्या तुंब्यावर किंवा लाकडाच्या टोकावर ते फुटू नये म्हणून चढवलेली लोखंडी कडी. त्यालाही हा शब्द चाकाच्या लोहारकामातूनच मिळाला. खांबातील आणि तुळईतील सुट्या आडव्या बंधांना फ्रेंचमध्ये 'एत्रिए' आणि इंग्रजीत 'स्टिरप' म्हणतात, आणि या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ रिकीब. फारसी-उर्दूतील 'रकाब' हाच शब्द मराठीत रिकीब होऊन स्थिरावला. मराठेशाहीच्या घोडदळाबरोबर तो घराघरांत पोहोचला. मराठीत स्थापत्यशास्त्र लिहिताना तो वापरता आला असता. बांधकामावरच्या मंडळींनी मात्र सरळ 'रिंग' हा शब्द उचलला आणि पाठ्यपुस्तकांतील संस्कृत पर्याय पुस्तकांतच राहिले. यात रिंगवाल्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. मात्र 'रिंग' या शब्दाने ती वस्तू किरकोळ वाटू लागते, आणि तशीच ती किरकोळीत निघाली, हे पुढे दिसेल.

कोंसिदेरने दिशा दाखवली. हिशेब मांडला तो अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने. फ्रँक रिचर्ट, मूळचे नॉर्वेचे अँटन ब्रांडझेग आणि रेक्स ब्राउन या तिघांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काँक्रीटच्या वृत्तचिती द्रवाच्या दाबाखाली ठेवून वरून दाबल्या. पुढच्या वर्षी त्यांनी द्रवाऐवजी सर्पिल वेढा वापरून तीच परीक्षा घेतली. दोन्हींतून निघालेला नियम एकाच ओळीचा आहे: बाजूने जेवढा दाब द्यावा त्याच्या सुमारे ४.१ पट खांबाची उभी शक्ती वाढते. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन सोसणाऱ्या काँक्रीटला बाजूंनी ५ न्यूटनचा दाब मिळाला, तर ते ४५ न्यूटनपर्यंत टिकाव धरील. शंभर वर्षे होत आली तरी हा नियम पाठ्यपुस्तकांतून हललेला नाही.

असे असूनही सर्पिल वेढ्याच्या खांबांना संहितांनी दिलेली सवलत किरकोळ वाटावी अशी आहे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत अशा खांबाची शक्ती साध्या रिंगांच्या खांबाच्या केवळ १.०५ पट धरली आहे. याचे कारण असे की वेढा पूर्णपणे कामाला लागतो तोवर त्याच्या बाहेरचे काँक्रीटचे आवरण गळून पडलेले असते. वेढ्याने गाभ्याला दिलेली शक्ती गळालेल्या आवरणाची भरपाई करण्यातच खर्ची पडते. केवळ भाराच्या आकड्यांकडे पाहिले तर सर्पिलाचा खटाटोप कशासाठी, असाच प्रश्न पडावा. भारतात आणि अन्यत्रही पुष्कळांना तो पडला, आणि स्वस्त, सुटसुटीत चौकोनी रिंगांचे राज्य सुरू झाले.

त्याचे उत्तर ९ फेब्रुवारी १९७१ रोजी मिळाले. त्या दिवशी पहाटे कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडोच्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू या नव्या कोऱ्या रुग्णालयाचा तळमजला एका बाजूला दोन फुटांच्या आसपास सरकला. सर्पिल वेढ्याच्या खांबांचे आवरण झडून गेले, आतल्या सळया उघड्या पडल्या, खांब चक्क कलते झाले. पण वेढ्यातला गाभा शाबूत राहिला आणि वरचे मजले त्याने पेलून धरले. त्याच मजल्याच्या कोपऱ्यांत साध्या रिंगांचे खांब होते. त्यांतील काँक्रीटचा अक्षरशः चुरा झाला. दोघांनीही एकाच इमारतीत, एकाच मिनिटात, एकच हादरा सोसला होता. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावी अशी ही तुलना निसर्गाने करून दाखवली. इमारत पुढे पाडावी लागली, पण ती आतल्या माणसांवर कोसळली नाही. वेढ्याचे खरे काम शक्ती वाढवणे नसून मोडतानाही उभे राहण्याची क्षमता देणे हे आहे, ही गोष्ट त्यानंतर कोणालाही नाकारता आली नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी हाच विचार आराखड्याच्या नियमांत उतरवला, आणि मँडर, प्रीस्टली व पार्क यांनी १९८८ मध्ये वेढ्यातल्या काँक्रीटचा जो गणिती आलेख मांडला तो जगभर स्वीकारला गेला.

नव्या खांबांचा प्रश्न असा मार्गी लागला. जे हजारो खांब आधीच विरळ रिंगांनिशी उभे होते त्यांचे काय? १७ ऑक्टोबर १९८९ रोजी लोमा प्रिएटाच्या भूकंपात ओकलंडमधील सायप्रस उड्डाणमार्गाचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला आणि ४२ माणसे दगावली. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्याने जुन्या पुलांच्या खांबांना पोलादी पत्र्याची जाकिटे चढवण्याचा कार्यक्रम झपाट्याने हाती घेतला. खांबापेक्षा किंचित मोठे दोन अर्धगोल पत्रे समोरासमोर जोडून वेल्डिंग करावयाचे आणि मधल्या फटीत सिमेंटचा पातळ माल भरावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात असे जाकीट घातलेल्या खांबांच्या पुलांचे मोठे नुकसान झाले नाही. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, जपानमध्ये कोबे येथे हानशिन महामार्गाचा उंच पट्टा खांबांसकट आडवा झाला. पोलाद मात्र जड असते, त्याला यारी लागते, ते गंजते, आणि जिन्याखालच्या अरुंद जागेत पत्रा नेणे व वेल्डिंग करणे म्हणजे वेगळीच कसरत. तंतूंचा प्रवेश झाला तो येथे.

तंतूंनी ठिसूळ पदार्थाला बांधून ठेवणे ही कल्पना जुनीच. मातीच्या भिंतीत गवताचा भुस्सा, चुन्याच्या गिलाव्यात ताग घालण्याची रीत दख्खनच्या गवंड्यांमध्येही होती. आधुनिक काळात जेम्स रोमुआल्डी आणि गॉर्डन बॅट्सन यांनी १९६३ मध्ये काँक्रीटमध्ये पोलादी तारेचे बारीक तुकडे मिसळले तर भेगेची वाढ रोखता येते हे दाखवले. काचेच्या तंतूंची अडचण निराळी होती. सिमेंट अल्कधर्मी असते आणि साधी काच त्यात हळूहळू खाल्ली जाते. ब्रिटनच्या शासकीय बांधकाम संशोधन केंद्रात अमिल ज्योति मजुमदार यांनी झिर्कोनियायुक्त काचेवर काम करून हा प्रश्न सोडवला आणि सत्तरच्या दशकात तशी काच बाजारात आली. खांबात मिसळलेल्या तुटक तंतूंमुळे आवरण लवकर झडत नाही आणि भेगा बारीक राहतात, हा फायदा खराच. परंतु सुटे तंतू सर्व दिशांना विखुरलेले असतात; फुगणाऱ्या गाभ्याला चोहोबाजूंनी आवळणारा अखंड वेढा ते होऊ शकत नाहीत. ते काम कापडासारख्या विणलेल्या, राळेत भिजवून खांबाभोवती गुंडाळलेल्या लांब तंतूंनी केले.

मायकेल फार्डिस आणि एच. खलिली यांनी १९८१ मध्ये काचतंतूंच्या आवरणात भरलेल्या काँक्रीटवरील प्रयोग अमेरिकेत प्रसिद्ध केले. दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये जुन्या खांबांभोवती आणि धुराड्यांभोवती कार्बनतंतू गुंडाळण्यास आरंभ झाला. विमानांसाठी साठच्या दशकात विकसित झालेला हा तंतू वजनाने पोलादाच्या जेमतेम एकपंचमांश, ताणात त्याच्याहून कितीतरी बळकट, आणि गंज न चढणारा. दोन माणसे एका दिवसात खांब गुंडाळून मोकळी होतात. खांबाची जाडी वाढते ती फार तर काही मिलिमीटर.

या सुखद चित्रात पहिला खडा टाकला तो सैद्धांतिक अडचणीने. हमीद सादातमनेश, मोहम्मद एहसानी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये तंतूंच्या पट्ट्यांनी बांधलेल्या खांबांचा हिशेब मांडताना पोलादी वेढ्यासाठी केलेले मँडरचे सूत्रच वापरले. १९९७ मध्ये अमीर मिरमिरान आणि मोहसेन शहावी यांनी फ्लोरिडातील प्रयोगांवरून दाखवले की दोन्ही वेढ्यांचा स्वभावच भिन्न आहे. पोलाद एका मर्यादेनंतर लवते. तेथून पुढे ते काँक्रीटला कायम एकाच दाबाने आवळत राहते. तंतू लवत नाहीत. काँक्रीट जितके फुगेल तितका त्यांचा दाब वाढत जातो, सरळ रेषेत, आणि शेवटी ते एकाएकी तुटतात. त्यामुळे आलेखाचा पहिला भाग साध्या काँक्रीटसारखा वळतो आणि पुढे तो उताराला न लागता तिरपा वर चढत राहतो. एल. लॅम आणि जे. जी. तेंग यांनी हाँगकाँगहून २००३ मध्ये जे सोपे सूत्र दिले त्यात बाजूच्या दाबाचा गुणक ४.१ ऐवजी ३.३ आहे. अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेने ते थोड्या काटछाटीसह स्वीकारले. आणखी एक कटू सत्य याच सुमारास स्पष्ट झाले. सरळ पट्टी यंत्रात ताणून जेवढी लांबते, त्याच्या जेमतेम ५५ ते ६० टक्के ताण खांबावर गुंडाळलेली पट्टी तुटण्यापूर्वी घेते. वळण, सांध्यावरचा दुहेरी थर आणि आतल्या काँक्रीटची एकाच जागी उमलणारी भेग ही त्याची कारणे. उत्पादकाच्या पत्रकातील आकडा जसाच्या तसा हिशेबात धरणाऱ्याची फसगत ठरलेली.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. ३०० मिलिमीटर व्यासाच्या, २५ न्यूटन शक्तीच्या गोल खांबावर कार्बनच्या ०.१६७ मिलिमीटर जाडीच्या दोन घड्या गुंडाळल्या आणि तुटण्याच्या क्षणी त्यांतील ताणवाढ हजारात आठ धरली, तर बाजूचा दाब सुमारे ४.१ न्यूटन येतो आणि खांबाची शक्ती ३८ न्यूटनच्या वर जाते. दोन कागदांएवढ्या जाडीने दीडपट शक्ती! पण त्याच दोन घड्या ६०० मिलिमीटर व्यासाच्या खांबावर गुंडाळल्या तर दाब निम्मा होतो आणि शक्ती ३२ च्या अलीकडेच थांबते. प्रयोगशाळेतील दीडशे मिलिमीटरच्या नमुन्यावरून पुलाच्या खांबाविषयी बोलणे किती धोक्याचे आहे ते यावरून कळावे.

आतापर्यंतचे सर्व विवेचन गोल खांबाचे झाले. गोल वेढा सर्व बाजूंनी सारखा आवळतो. चौकोनी खांबाभोवतीची पट्टी कोपऱ्यांवर दाब देते; सपाट बाजूंवर ती निव्वळ ताणलेल्या चादरीसारखी असते आणि काँक्रीट फुगू लागले की तीही बाहेर येते. कोपऱ्याकोपऱ्यांमधून कमानी धराव्यात तसा आतला मर्यादित भागच आवळला जातो. कोपरे धारदार असतील तर तंतू तेथेच कापले जातात, म्हणून ते किमान १३ मिलिमीटर त्रिज्येने गोल करावे लागतात. २००८ च्या त्याच मार्गदर्शिकेने लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक असलेल्या किंवा एखादी बाजू ९०० मिलिमीटरहून मोठी असलेल्या खांबांत शक्तिवाढ धरू नये असे सुचवले.

भारतीय शहरांचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. आपल्याकडे खांब भिंतीत लपला पाहिजे. नऊ इंची भिंतीत बसणारा खांब म्हणजे २३० मिलिमीटर रुंद. २३० × ४५० चा खांब दुपटीच्या मर्यादेत कसाबसा बसतो, पण तेथेही सूत्रातील रुंदी-लांबीच्या गुणोत्तराचा वर्ग अवघा ०.२६ येतो; म्हणजे गोल खांबाला मिळणाऱ्या लाभाचा चौथा हिस्साही पदरात पडत नाही. २३० × ६०० चा खांब तर मर्यादेबाहेरच. दिवाणखान्यात कोपरा पुढे येऊ नये या हौसेपायी जो आकार रूढ झाला, त्याला बाहेरून आवळणे सर्वांत कठीण.

या हौसेची किंमत २६ जानेवारी २००१ रोजी दिसली. भुजच्या भूकंपाचे केंद्र दोनशे किलोमीटरहून दूर असताना अहमदाबादेत शंभराच्या वर बहुमजली इमारती जमीनदोस्त किंवा निकामी झाल्या. त्यांतील बऱ्याच इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा होता, वर विटांच्या भिंतींचे ताठर मजले होते, आणि सारा हेलकावा तळाच्या बारीक खांबांवर आला. रिंगा दूर दूर होत्या. त्यांची टोके काटकोनात वळवलेली असल्याने आवरण गळताच त्या उघडल्या. भूकंपरोधक बांधणीचे भारतीय मानक १३९२० तोवर आठ वर्षांचे झाले होते. खांबाच्या टोकांशी रिंगा ७५ ते १०० मिलिमीटर अंतरावर असाव्यात आणि त्यांचे आकडे १३५ अंशांत गाभ्यात वळवावेत, हे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. पण १९९३ च्या त्या आवृत्तीत तिसऱ्या भूकंपपट्ट्यातील सामान्य इमारतींना, त्या पाचांहून अधिक मजल्यांच्या असल्याखेरीज, हे नियम लागू नव्हते. अहमदाबाद तिसऱ्या पट्ट्यात होते. तळमजला अधिक चार मजले ही बांधकामाची रीत आणि ही सवलत यांची सांगड कशी बसत होती, ते निराळे सांगावयास नको. सवलत पुढे काढून टाकण्यात आली, आणि २०१६ च्या आवृत्तीत खांबाची किमान बाजू ३०० मिलिमीटर झाली. मात्र २००२ च्या नकाशात तिसऱ्याच पट्ट्यात असलेल्या वडोदरा, बेळगाव आणि पणजी या शहरांत त्याआधी बांधलेले २३० चे खांब आजही आपापल्या भिंतींत आहेत.

तंतूंची पट्टी त्यांच्या अगदीच उपयोगाची नाही, असे मात्र नव्हे. शक्ती फारशी वाढली नाही तरी पट्टी उभ्या सळयांना बाहेर वाकू देत नाही आणि तिरप्या कातरभेगांना आवर घालते. ऑलिव्ह व्ह्यूच्या सर्पिलाने जे केले त्याचा काही अंश तीही करू शकते. खांब-तुळईचा सांधा आणि पाया मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतात. आग हा तिचा सर्वांत मोठा वैरी. खांबाला चिकटवणारी राळ साधारण ६० ते ८२ अंश सेल्सियसलाच मऊ पडू लागते. म्हणून आगीच्या वेळी पट्टी नाहीच असे समजून, तिच्याविना खांब नेहमीचा भार पेलतो की नाही हे आधी तपासावे लागते. जेथे तो तसाही पेलत नाही, तेथे पट्टी गुंडाळून इमारत सुरक्षित झाल्याचे सांगणे ही दिशाभूल होय.

चौकोनी खांबावरील एक उपाय अमेरिकेतील यूटा विद्यापीठात तपासला गेला, आणि तो या इतिहासाला पुन्हा लोहाराच्या भट्टीशी आणून सोडतो. क्रिस पँटेलिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकोनी व आयताकृती खांबांभोवती तंतूंचे तयार गोल किंवा लंबगोल कवच उभे केले आणि मधल्या पोकळीत प्रसरण पावणारे सिमेंट भरले. हे सिमेंट घट्ट होताना आकसण्याऐवजी फुगते आणि कवचाला आतून ताणते. त्यामुळे खांबावर जादा भार येण्यापूर्वीच कवच त्याला आवळू लागते. २००७ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत असे खांब नुसत्या पट्टीच्या चौकोनी खांबांपेक्षा सरस ठरले. धाव तापवून थंड केल्याने जे साधत होते ते येथे सिमेंटच्या फुगण्याने साधले. अडचण एकच. २३० × ४५० च्या खांबाभोवती असे लंबगोल कवच बसवले की तो भिंतीत मावत नाही. दोन्ही बाजूंना बाहेर येतो, आणि ती जागा कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून किंवा दुकानाच्या गाळ्यातून घ्यावी लागते.